बकूचा दम

सगुणाने घरात एका शब्दाला बंदी केली होती. भोरच्या डॉक्टरांनी तो पहिल्यांदा उच्चारला तेव्हा दीड वर्षाची बकू तिच्या मांडीवर होती. डॉक्टर कानातल्या नळ्या काढून गळ्यात अडकवत होते. पावसापाण्याबद्दल बोलावं तसं ते म्हणाले, "बाळदमा आहे. वय वाढलं की बहुधा जातो. धूर-धुळीला जपा. डोंगराची हवा मिळाली तर उत्तम." सगुणाने मान हलवली, औषधाच्या पुड्या घेतल्या आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता ठरवून टाकलं, की हा शब्द पोरीच्या कानावर पडू द्यायचा नाही. नाव घेतलं की दुखणं घरचं होऊन बसतं, असं तिला वाटे. तर्कशास्त्र घेऊन बी. ए. झालेल्या बाईला असं वाटू नये. पण वाटे.

तिचा नवरा मानसिंग संस्थानच्या शाळाखात्यात मास्तर. डोंगराची हवा हे शब्द त्याने मनावर घेतले. जिथे बदली झाली की बाकीचे मास्तर रजेचे अर्ज लिहायला बसत, ती वेल्ह्यापलीकडची पासली त्याने आपणहून मागून घेतली. मार्गशीर्षात बिऱ्हाड आलं. सहा खणांचं घर, मागे डोंगर, पुढे उतरती भातखाचरं. शेजारी रखमाजी आणि त्याची बायको धोंडाबाई.

आणि इथे येऊन बघते तर काय, तिने बंदी केलेल्या शब्दावाचून पासलीत कुणाचं पान हलत नव्हतं. धोंडाबाई भाताच्या तपेल्याच्या झाकणावर निखारे ठेवी आणि म्हणे, "जरा दम द्या की त्याला, लगीच कशाला उघडताय?" रखमाजी आभाळाकडे बघून सांगे, "औंदा पावसात दम न्हवता." दोरात दम असे नाहीतर नसे, बैलात असे, नव्या सुनेत असे. शाळेतली पोरं एका दमात नदी गाठत आणि मानसिंगने दम भरला की तेवढ्यापुरती गप्प बसत. सुरुवातीला प्रत्येक वेळी सगुणाची नजर बकूकडे जाई; जणू कुणी तिच्यावर हात उगारला. मग एके दिवशी मांजर दुधाच्या भांड्याशी घुटमळताना बकूनेच बोट उगारून त्याला सुनावलं, "दम धल!" सगुणाला हसू आवरलं नाही. बंदी त्या दिवशी उठली. मानसिंगला तिने सांगितलंही नाही.

हिवाळा सुखाचा गेला. सगुणाकडे मनगटी घड्याळ होतं, पदवी मिळाली तेव्हा वडिलांनी घेतलेलं. दुपारी बकू झोपली की ती घड्याळ समोर धरी आणि पोरीची छाती मिनिटात किती वेळा वरखाली होते ते मोजून वहीत टिपून ठेवी. सव्वीस. अठ्ठावीस. सत्तावीस. तीन महिने त्या वहीत तिशीच्या वर आकडा गेला नाही. मानसिंग चिडवी, "वाण्याकडे तरी इतकं चोख टिपण नसेल." ती म्हणे, "वाण्याला पोर नाही दमेकरी." असं ती आता म्हणू शकत होती.

चैत्र लागला आणि एका सकाळी वहीत बावन्न आकडा आला.

झालं होतं इतकंच, की नदीपलीकडच्या वाडीत कुणीतरी एक छोटा राब भाजला होता. सगुणा दोन महिने बघत होती. बायका रानातून डहाळ्यांचे भारे आणत, भाताचं रोप टाकायच्या वाफ्यावर शेणाचा थर देत, त्यावर डहाळ्या, त्यावर पालापाचोळा, गवत, आणि सगळ्यात वर बारीक माती. तिला वाटलं होतं, खत असेल. तो जाळायचा असतो हे तिला धुराचा वास आल्यावर कळलं. बकूचे डोळे मोठे झाले, गळ्याखालची खळी आत ओढली जाऊ लागली आणि छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज यायला लागला. शब्द तुटले. "आई" म्हणायला तिला दोन श्वास लागत होते.

धोंडाबाई धावत आली. पोरीचं पोट उडताना तिने बघितलं आणि म्हणाली, "डबा झालाय. वरल्या आळीच्या ठकुबाईला बलावते. बेंबीच्या वर तापल्या सळईचं दोन डाग दिलं की मोकळं व्हतंय."

"नको, मावशी."

"अवं, माज्या तिन्ही पोरांस्नी दिल्यात."

"तुमच्या पोरांचं मला ठाऊक नाही. हिला मी डागू देणार नाही." धोंडाबाईचं तोंड उतरलेलं बघून सगुणा खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही गरम पाणी ठेवा. तेवढं करा."

धोंडाबाईने पाणी ठेवलं. पुडी पोटात गेली, वाफारा झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आकडा तिशीत आला. तोवर मानसिंग शाळाखात्याच्या बोलावण्यावरून भोरला निघून गेला होता. शनिवारपर्यंत यायचा नव्हता. आणि धोंडाबाईने जाता जाता सांगितलं, की ते तर नुसतं पलीकडलं एक खाचर होतं. आख्ख्या पासलीचे राब बुधवारी.

सगुणाने बकूला झोपवलं आणि ती तशीच रखमाजीच्या ओट्यावर गेली. पासलीत पहिली आग रखमाजीच्या राबाला लागायची, हा त्याच्या घराण्याचा मान. त्याची गवताची चूड पेटल्याशिवाय दुसरं कुणी काडी ओढत नसे. आणि त्याचा राब सगुणाच्या अंगणापासून चाळीस पावलांवर होता.

"बाबा, राब आठ दिवस पुढं ढकलता येतील?"

रखमाजी दोर वळत होता. हात थांबला नाही. "आठ दिसांनी वळीव यील. भिजल्याला राब मग काय चुलीत घालू, मास्तरीनबाई?"

"मग वरची माती तरी काढा. भडभड जळून जाईल, धूर कमी होईल."

आता हात थांबला. उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलेली धोंडाबाई तोंडाला पदर लावून हसली. "अगं बया! त्यो काय शिमगा हाय व्हय?"

"हसू नगंस," रखमाजी म्हणाला. "त्यास्नी कुनी सांगितलंया?" मग सगुणाकडे वळून, शाळेत पोराला समजवावं तसा, "बाई, भाताला दम दिल्याबिगर शीत फुलतं का? तसंच ह्ये. आच खाली जिराया पायजे. तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत व्हती, तवा कुठं रोपात दम येतो. वरच्या वर भडकून ग्येलं, तर राख वाऱ्याची आन तण आमचं."

"किती दिवस धुमसतो?"

"दोन. कवा तीन."

"बाबा, बकू तीन दिवस काढायची नाही."

हे वाक्य तिने तोवर मनातही पुरतं म्हटलं नव्हतं. रखमाजीने दोर बाजूला ठेवला.

"गाडी जुपून देतो. भोरला जावा."

"वाटेत कुणाचे राब नाहीत?"

त्याने डोकं खाजवलं. "हायती की. ह्या हप्त्यात समदी दरीच पेटनार. पार वेल्ह्याच्या खाली, नसरापुराकडं सुदिक."

"म्हणजे दोन दिवस गाडीत धूर खात जायचं." तिने मागच्या डोंगराकडे बोट केलं. "मी वर जाते. सोजराबाईच्या झापावर."

सोजराबाई वरच्या पठारावरची धनगरीण. तिथे तिची म्हसरं आणि गवताने शाकारलेलं झाप. दर चार दिवसांनी ती तूप घेऊन खाली येई. धुराला जपायचं म्हणून सगुणाने गेल्या आठ सकाळी अंगणात उभं राहून एक गोष्ट हेरली होती: गावच्या चुलींचा धूर डोंगराच्या कमरेपर्यंत जातो, तिथे आडवा पसरतो आणि पठार वर स्वच्छ राहतं. आठही दिवस तिने ते वहीत टिपलं होतं. कालच सोजराबाई आली तेव्हा तिला विचारूनही घेतलं होतं, "सकाळी वर धूर असतो का हो?" सोजराबाई म्हणाली होती, "छ्या! सकाळी कुठला धूर?"

"जावा की," रखमाजी म्हणाला.

"पण मी वर पोचेपर्यंत तुम्ही पेटवायचं नाही."

धोंडाबाईचं सूप थांबलं. "बगा! मास्तरीनबाई तुमास्नी दम देत्यात आता."

"दम नाही देत, मावशी. मागणं मागते. मी अर्ध्या वाटेवर असताना खालून धूर आला तर मला वरही जाता येणार नाही आणि खालीही."

रखमाजीने बाजूला ठेवलेला दोर परत उचलला. मग म्हणाला, "येरवाळी वारं पडल्यालं असतं, तवर पेटवायचं. ऊन तापलं की वारं सुटतं आन आग घरांकडं पळती. तुमच्यासाटी थांबलो आन कुनाचं छप्पर ग्येलं, तर गाव माज्या दारात यील."

"ऊन शाळेच्या कौलांवर उतरेपर्यंत थांबा. तोवर मी वर असेन."

तो तिच्या पायांकडे बघत राहिला. वहाणा घालणारे, शहरातले पाय. "आमची म्हातारी मानसं पोचत्यात तवर. तुमी—"

"पोचेन म्हणाले ना, बाबा."

"बरं. वर दगडावर हुबं ऱ्हाऊन धोतर हालवा. धोतर दिसलं की म्या चूड लावतो. पर ऊन कौलावर आलं आन धोतर दिसलं न्हाई, तरी लावनार. आदीच सांगतो, मागनं शिव्या नगं."

"लावा," सगुणा म्हणाली.

बुधवारी फटफटलं तेव्हा निरोप मिळालेली सोजराबाई दारात होती. सगुणाने बकूला लुगड्याच्या पट्ट्याने पाठीशी बांधलं. मानसिंगचं पांढरं धोतर, पुड्या आणि वही यांचं गाठोडं सोजराबाईने डोक्यावर घेतलं. खाली खाचरांत माणसं येऊन उभी होती. हातात गवताच्या न पेटवलेल्या चुडी. सगळी वर, तिच्याकडे बघत होती.

पहिली चढण सोपी गेली. दुसरीला वहाणा घसरायला लागल्या, त्या तिने काढून फेकल्या. करवंदीच्या जाळ्यांतून वाट नागमोडी चढत होती आणि पाठीवरची बकू प्रत्येक वळणाला जड होत होती.

"तुमी जरा दम खावा, बाई," सोजराबाई म्हणाली.

"ऊन कुठंय?"

"पल्याडच्या सोंडेवर."

"मग चला."

तिसऱ्या चढणीला सगुणाच्या बरगड्यांत सुई टोचल्यासारखं झालं. तोंड उघडं पडलं. कानात रक्ताचा आवाज आणि आपल्याच छातीत ती ओळखीची शीळ. ती करवंदीला धरून उभी राहिली. चहूकडे हवा होती, डोंगरभर, आभाळभर, आणि तिच्या वाट्याला घोटभर येत नव्हती. म्हणजे असं होतं तर पोरीला. इतके दिवस ती बाहेरून मोजत होती.

"आणा हिकडं पोरगी," सोजराबाई म्हणाली. मग मास्तरीनबाईपण बाजूला ठेवून, "दे म्हनते ना, बये! आयुष्यभर रेडकं वाहिल्यात म्या. तू नुसती तुजं धूड वर ने."

सगुणाने पट्टा सोडला. हट्ट करण्याची ही वेळ नव्हती. सोजराबाईने बकूला कडेवर घेतलं, गाठोडं सगुणाच्या हातात दिलं आणि शेवटची उभी चढण दोघी चढल्या. सगुणा तर हातापायांवरच. वर आल्या आल्या तिने मागे वळून पाहिलं. ऊन शाळेच्या आढ्याच्या कौलांना लागलं होतं. आढ्यावरून खाली उतरत होतं. अर्धं छप्पर उजळलं होतं. खाली कुठेच धूर नव्हता.

रखमाजी थांबला होता.

ती दगडावर चढली आणि दोन्ही हातांनी धोतर हलवत राहिली. क्षणभर काहीच झालं नाही. मग तिच्याच अंगणाखाली एक बारीक धागा वर आला. त्याच्या मागून दुसरा, दहावा, मग मोजता येईनात इतके. धागे डोंगराच्या कमरेपर्यंत आले आणि आडवे झाले, वहीत लिहिलं होतं अगदी तसेच. दरीवर करडी गोधडी अंथरली गेली आणि वर चैत्रातलं निळं आभाळ.

बकू खुंट्याला बांधलेल्या रेडकाच्या कानाशी खेळत होती. मोजलं, सत्तावीस. सगुणाने आकडा लिहिला, सोजराबाईने दिलेल्या ताकाचा पेला एका घोटात संपवला आणि बऱ्याच दिवसांनी मोठा, पोटापासूनचा सुस्कारा सोडला.

"झालं का समाधान?" सोजराबाई म्हणाली. "आता निज जरा. तोंड बग कसं झालंय."

सगुणा निजली नाही. पण झापाच्या कुडाला टेकून तिने डोळे मिटले, तेवढ्यात घात झाला. उघडले तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि समोरच्या डोंगराची कड पुसट झाली होती. तिने डोळे चोळले. कड पुसटच राहिली. मग वास आला.

"सोजरामावशी, धूर चढतोय!"

"चढतुया की," सोजराबाई रवी घुसळत म्हणाली. "दर साल चढतो. ऊन तापलं की घळीघळीनं वर येतो."

"तुम्ही तर म्हणालात, वर धूर नसतो!"

"तू सकाळचं इचारलंस. सकाळी व्हता का?"

सगुणाने वही उघडली. आठ नोंदी होत्या, आठही सकाळच्या. दुपारी बकू निजे आणि ती दार लावून तिच्या उशाशी बसे. बाहेर बघायला वेळ कुणाला? तिच्या वहीत दुपारच नव्हती. रखमाजी थांबला, गाव थांबलं, आणि तिने पोरीला आणून नेमकं धुराड्याच्या तोंडावर ठेवलं होतं.

बकू खोकली. रेडकाचा कान सोडून ती आईकडे चालत आली आणि मांडीवर तोंड खुपसून उभी राहिली. सगुणाने पाठीवर हात ठेवला. मोजायची गरज नव्हती, तरी तिने मोजलं. चव्वेचाळीस. पुडी मधात कालवून चाटवली. रडायला आलं होतं, ते गिळलं. रडायला श्वास लागतो आणि तो आता कामाचा होता.

"मावशी, ह्या पठारावर दुपारी स्वच्छ हवा कुठं असते? सकाळची नाही. दुपारची. आणि संध्याकाळची."

सोजराबाईची रवी थांबली. ती कधी नव्हे ती विचारात पडली. मग उठली, झापाच्या मागे गेली आणि कपाळावर हात मारून परत आली.

"येडी गं म्या येडी! म्हसरं कुठं हायती?"

"कुठं?"

"हितं न्हाईत. राबाच्या दिसांत दुपारी ती हितं ऱ्हातच न्हाईत. आपल्या पायानं कड्यावर जात्यात आन सांजच्याला म्या त्यास्नी वळवून आनते. चाळीस वर्सं मागं मागं जाते, पर कशापायी जात्यात त्ये कदी मनात आलं न्हाई." तिने पश्चिमेकडे हात केला. "तितं कडा तुटतो. खाली कोकन. दुपारचं वारं तकडनं वर येतं, निस्तं तोंडावर."

"कोकणात राब नाहीत?"

"त्यांचं शिमग्याआदीच उरकल्यात. चल."

तासाभराची वाट होती, सावलीचं नाव नाही. सगुणाने या वेळी बकूला छातीशी धरलं, तोंड खांद्यावर. घड्याळ बघता येत नव्हतं, म्हणून ती पावलांवर मोजत होती. दोन पावलांत एक श्वास. दोन पावलांत एक. म्हणजे पन्नासच्या वर. मागे वळून पाहिलं तर झाप दिसेनासं झालं होतं. धूर पठारावर चढला होता आणि अंग मोडत त्यांच्या मागून येत होता. बकूच्या ओठांचा रंग बघायचा म्हणून ती दर शंभर पावलांना थांबे, बघे आणि पुन्हा चाले. करडे नव्हते. अजून नव्हते.

"आ... ई," बकू म्हणाली.

"बोलू नको, बाळ."

"पा... नी."

"बोलू नको. पोचलोच."

कडा आला तो एकदम. जमीन संपली आणि पुढे नुसती खोली. कड्याच्या काठाला सोजराबाईच्या सात म्हशी ओळीने बसल्या होत्या, सगळ्यांची तोंडं कोकणाकडे. पण वारं नव्हतं. काठावरची गवताची वाळली काडी ताठ उभी होती. सगुणाने बोट ओलं करून वर धरलं. काही नाही. मागे वळून पाहिलं तर धूर शंभर-दीडशे हातांवर.

"वारं कुठंय, मावशी?"

"येतं."

"कधी?"

"येतं म्हनते ना. म्हसरं उगंच बसली न्हाईत. दम धर."

सगुणा दोन म्हशींच्या मधे बसली. बकूला तिने सरळ बसवलं, पाठ आपल्या छातीला टेकवून. आडवं केलं की पोरीला अजून जड जाई. पदराने तिचं नाक झाकावं तर तेवढ्यानेही पोर घाबरी होई, म्हणून झाकलं नाही. एक हात तिच्या पोटावर, दुसऱ्या हाताचं मनगट डोळ्यांसमोर. छप्पन्न. तिने लिहिलं नाही. छप्पन्न. सत्तावन्न. धुराचा पहिला पदर आला आणि गवतावर रेंगाळला. सगुणाला खाली उतरून जावंसं वाटलं, कुठेही, कशीही; पण आता धावण्याने पोरीला काही मिळणार नव्हतं. बसून राहणं हेच काम होतं आणि ते धावण्यापेक्षा अवघड होतं. तिने आपला श्वास लांब केला. मुद्दाम, सावकाश, आत आणि बाहेर. छातीला टेकलेल्या पोरीला तो कळावा म्हणून.

आधी म्हशीचा कान हलला. मग काठावरची काडी वाकली, उभी राहिली आणि पुन्हा वाकली, ती वाकलेलीच राहिली. खालून, त्या सगळ्या खोलीतून, वारं वर आलं. खारट नव्हतं, गार नव्हतं, कसलाच वास त्याला नव्हता. बकूचे केस मागे उडून सगुणाच्या तोंडावर आले. धुराचा पदर थरथरला, फाटला आणि आल्या वाटेने मागे सरकायला लागला.

चोपन्न. एकावन्न. सगुणा हलली नाही. सोजराबाईने कातळाकडून भरून आणलेलं पाण्याचं गाडगं पुढे केलं, तिने बकूला घोट घोट पाजलं. सत्तेचाळीस. गळ्याखालची खळी अजून आत जात होती, पण खोल नव्हे. सूर्य कलला तसं वारं अंगावर रेललं. बसल्या जागी माणसाला मागे ढकलील इतकं. एकेचाळीस. छत्तीस.

बकूने मान वळवून शेजारच्या म्हशीकडे पाहिलं. तिला बराच वेळ न्याहाळलं. मग म्हणाली, "म्हस लवंथ कलते."

तीन शब्द, एका श्वासात. सगुणाने ते ऐकले आणि तेव्हा कुठे घड्याळाचा हात खाली घेतला.

"चला," सोजराबाई उठत म्हणाली, "उन्हं गेली की धूर बसतो खाली. झापावर जाऊ."

"आणि उद्या दुपारी?"

"उद्या परत यिऊ."

"तासभर त्यातनं चालत? दोनदा? नाही, मावशी. राब विझेपर्यंत आम्ही इथंच."

"हितं? उघड्यावर?"

"तुमची म्हसरं राहतात."

"तेंच्या अंगावर कातडं हाय, बये!"

"मग गोधड्या आणा. त्या दगडाच्या आड जागा आहे, रात्रीचं वारं लागायचं नाही. बघितलीय मी."

सोजराबाईने कमरेवर हात ठेवले. "कवा बगितलीस गं? बरं, चूल कुठं मांडू?"

"चूल नाही."

"तीन दिस कोरडी भाकर खानार?"

"ताक आहे की तुमच्याकडं. चूल नाही, विडी नाही, शेकोटी नाही. रखमाजीबाबांना निरोप धाडा, की बकू बरी आहे आणि ते थांबले ते मी पाहिलं. मास्तर शनिवारी येतील. त्यांना म्हणावं तसेच वर या."

सोजराबाई हसायला लागली. एवढा मोठा आवाज ऐकून एका म्हशीने मान फिरवली. "मला वाटलं व्हतं, शिकल्याली बाई, दोन दिसांत रडून खाली जाईल."

"पाणी कुठंय?"

"त्या वळनाला, कातळात टाकं हाय. थांब, म्या आनते."

"नको. मला वाट कळायला हवी." सगुणाने पदर खोचला. दुपारपासून पहिल्यांदा तिने बकूला अंगावेगळं केलं आणि सोजराबाईच्या मांडीवर बसवलं. मनगटावरचं घड्याळ काढून तिच्या हातात दिलं.

"ह्ये आनि कशाला?"

"हा बारीक काटा दिसतो? तो फिरून परत इथंच आला की थांबायचं. तोवर तिची छाती मोजायची. चाळिसाच्या वर गेली की मला हाक मारा."

"मला इसाच्या म्होरं येत न्हाई."

"मग दोनदा वीस मोजा. काटा पोचायच्या आत दुसरे वीस संपले, की हाक."

सोजराबाईने घड्याळ कोकणच्या उन्हाकडे धरलं, डोळे बारीक केले आणि रेडकं तपासणारा आपला रुंद हात पोरीच्या छातीवर अलगद ठेवला. सगुणा गाडगं घेऊन कातळाकडे चालू लागली. मागून आवाज येत होता, मोठा, दर आकड्याला ठसका देणारा, "एक... दोन... हालू नगंस गं बाय... तीन..."